लाइक नाही, शोध नाही, तरीही नानांची आवड व्हिडिओ अ‍ॅपला कळते कशी?

यावलची लेक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी नोकरीनिमित्त जळगावला असते आणि माझे आईवडील यावल तालुक्यात गावी राहतात. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. त्यांचे वय 67 आहे आणि त्यांचे उभे आयुष्य केळीच्या बागेत गेले आहे. दोन वर्षांपूर्वी भावाने त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला, तो नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलता यावे आणि बऱ्हाणपूरचे भाव घरबसल्या कळावेत एवढ्यासाठीच. आता दुपारचे जेवण झाले की नाना ओसरीतल्या बाजेवर आडवे होतात आणि ऊन उतरेपर्यंत छोटे उभे व्हिडिओ पाहत राहतात. वैशाखात पारा 44-45 अंशांवर गेला की दुपारी शेतात पाऊल ठेवता येत नाही, हे खान्देशातील वाचकांना सांगायला नको. त्यामुळे विसाव्याच्या त्या वेळेबद्दल माझी तक्रार नाही.

मला पडलेले कोडे वेगळे आहे. नाना कधीही कोणत्याही व्हिडिओला लाइक देत नाहीत, कोणतेही चॅनेल सबस्क्राइब करत नाहीत, प्रतिक्रिया लिहीत नाहीत आणि त्यांना टंकलेखन येत नसल्यामुळे काही शोधतही नाहीत. त्यांचा अंगठा वर सरकतो, एवढीच त्यांची कृती. असे असूनही त्यांच्यासमोर केळीच्या कांदेबागेची लागवड येते, खिल्लारी बैल येतात, सारंगखेड्याच्या बाजारातले घोडे येतात, कीर्तने येतात आणि अहिराणी विनोदी प्रसंग येतात. विशेष म्हणजे आमच्या घरची बोली लेवा आहे, अहिराणी नव्हे. ज्या माणसाने आपल्याविषयी एक अक्षरही सांगितलेले नाही, त्याची आवड अ‍ॅपने ओळखली कशी?

हे केवळ कुतूहल राहिले असते, तर मी इथे लिहिले नसते. गेल्या दोन महिन्यांत नानांच्या मोबाइलवर मधुमेह मुळापासून बरा करण्याचे व्हिडिओ सतत येऊ लागले आहेत. नानांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. अशाच एका व्हिडिओवर विश्वास ठेवून त्यांनी आठ दिवस संध्याकाळची गोळी बंद ठेवून कसला तरी काढा घेतला आणि रक्तातील साखर इतकी वाढली की त्यांना चक्कर येऊन ते पाटचारीजवळ बसून राहिले. आता ते बरे आहेत. हे व्हिडिओ त्यांनी शोधले नव्हते आणि कोणी पाठवलेही नव्हते. मग ते आले कुठून, आणि काहीही ठरवून न पाहणारा माणूस तासन्‌तास का पाहत राहतो, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. मला नानांना रागवायचे नाही. त्यांच्याशी बोलण्याआधी मला स्वतःला ते समजून घ्यायचे आहे.

---

भुसावळ जंक्शन

ताई, नाना बरे आहेत हे वाचून हायसे वाटले. मी मूळचा भुसावळचा असून सध्या पुण्यात शिफारस प्रणालींवर काम करतो, म्हणजे कोणाला पुढे काय दाखवावे हे ठरवणारी संगणकीय यंत्रणा तयार करणे हाच माझा रोजचा व्यवसाय आहे. तुमच्या प्रश्नातील एक गृहीतक मात्र मी आधी दूर करतो. नानांनी आपल्याविषयी एक अक्षरही सांगितलेले नाही असे तुम्ही लिहिले आहे. प्रत्यक्षात ते दर काही सेकंदांनी सांगत असतात.

लाइक, प्रतिक्रिया, सबस्क्राइब हे सारे उघड संकेत आहेत आणि ते देणारे प्रेक्षक नेहमीच थोडे असतात. अ‍ॅपचा खरा भर मूक संकेतांवर असतो: व्हिडिओ किती सेकंद पाहिला, शेवटपर्यंत पाहिला की नाही, संपल्यावर तो पुन्हा सुरू झाला तेव्हा अंगठा थांबला की लगेच सरकला. यूट्यूबने 2012 मध्ये शिफारशींचा पाया याच दिशेने बदलला. किती जणांनी व्हिडिओ उघडला या मोजणीऐवजी तो किती वेळ पाहिला गेला याला महत्त्व आले, कारण केवळ उघडणे मोजले की फसव्या चित्राने आणि भडक मथळ्याने बोट ओढून घेणारे व्हिडिओच वर चढत होते.

आता उभ्या व्हिडिओची मांडणी पाहा. जुन्या पद्धतीत पडद्यावर दहा व्हिडिओंची यादी असे आणि त्यातला एक निवडावा लागे. निवड करणे हे कष्टाचे काम आहे. ज्याला नेमके काय हवे हे ठाऊक नाही, तो यादी पाहून कंटाळतो आणि मोबाइल खाली ठेवतो. उभ्या व्हिडिओत पडद्यावर एका वेळी एकच व्हिडिओ असतो आणि तो आपोआप सुरू होतो. प्रेक्षकाकडे उरतात दोनच गोष्टी, थांबणे किंवा पुढे जाणे. ठरवून न पाहणाऱ्या माणसासाठी ही मांडणी अतिशय सोयीची आहे आणि अ‍ॅपसाठी तर ती त्याहून सोयीची आहे, कारण प्रत्येक सरकवणे हा एक निःसंदिग्ध निकाल ठरतो. वीस मिनिटांचे कीर्तन पाहणाऱ्या माणसाकडून यंत्रणेला एकच निकाल मिळतो; त्याच वीस मिनिटांत वीस-वीस सेकंदांचे व्हिडिओ पाहणाऱ्याकडून साठ निकाल मिळतात. दुपारच्या दोन तासांचा हिशेब तुम्हीच करा. आठवडाभरात नानांनी यंत्रणेला आपल्याविषयी जेवढे सांगितले असेल, तेवढे कदाचित त्यांनी घरात कोणालाही सांगितलेले नसेल.

बोलीविषयीही तुम्ही विचारले आहे. यंत्रणेला अहिराणी किंवा लेवा समजण्याची गरज पडत नाही. केळीचे व्हिडिओ थांबून पाहणारे जे हजारो लोक आहेत, त्यांच्यापैकी अनेक जण अहिराणी प्रसंगांवरही थांबतात, एवढी नोंद तिला पुरते. यूट्यूबच्या अभियंत्यांनी 2016 मध्ये आपल्या पद्धतीवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. त्यात हे काम दोन टप्प्यांत मांडले आहे: आधी लक्षावधी व्हिडिओंमधून सारख्या सवयीच्या प्रेक्षकांच्या आधारे काही शे व्हिडिओ गाळून घ्यायचे आणि मग हा विशिष्ट माणूस कोणता व्हिडिओ किती वेळ पाहील याचा अंदाज बांधून त्यांचा क्रम लावायचा. आज तंत्र बरेच पुढे गेले आहे, तरी हा सांगाडा ओळखीचा राहिला आहे.

मधुमेहाच्या व्हिडिओंचे उत्तरही इथेच आहे, आणि ते मला स्वतःला अस्वस्थ करणारे आहे. यंत्रणा थांबणे मोजते, थांबण्याचे कारण मोजत नाही. बैलजोडीवर नाना आनंदाने थांबतात आणि पाय कापावा लागेल असे सांगणाऱ्या व्हिडिओवर भीतीने थांबतात; नोंदवहीत दोन्हींची नोंद जवळजवळ सारखीच होते. कंपन्यांना ही उणीव माहीत आहे. म्हणूनच यूट्यूब अधूनमधून प्रेक्षकांना पाहिलेल्या व्हिडिओबद्दल समाधान विचारते, तारे द्यायला सांगते आणि त्या उत्तरांवरून इतरांच्या समाधानाचा अंदाज बांधते. परंतु असे प्रश्न येताच ते बाजूला सारणारा जो प्रेक्षक असतो, तो बहुधा नानांसारखाच असतो. त्यामुळे त्यांच्या बाबतीत अंगठा हाच साक्षीदार उरतो.

तासन्‌तास पाहण्यामागे आणखी दोन कारणे आहेत. पहिले, शेवट नाही. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, कीर्तनाला पसायदान असते, मालिकेलाही ‘क्रमशः’ असते. पान संपूच न देणारी अखंड सरकपट्टी 2006 मध्ये अझा रास्किन या रचनाकाराने तयार केली आणि पुढे त्यांनी स्वतःच तिच्या परिणामांबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. दुसरे, प्रत्येक व्हिडिओ चांगला नसतो आणि तो तसा असावा लागतही नाही. तापीत गळ टाकून बसलेला माणूस पाहा. प्रत्येक वेळी मासा लागत असता तर तो दोन मासे घेऊन घरी गेला असता. कधी लागतो, कधी लागत नाही म्हणूनच तो बसून राहतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांत हेच पाहिले होते: दाणा नेमका केव्हा मिळेल हे ठाऊक नसले की पक्षी चोच मारणे लवकर सोडत नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट राहिली. एक व्हिडिओ चालू असताना पुढच्याचा सुरुवातीचा भाग मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवलेला असतो आणि नेटवर्क क्षीण असेल तर चित्राचा दर्जा आपोआप कमी केला जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी एखादीच काडी दिसत असली तरी व्हिडिओ अडखळत नाही, तो यामुळे. गोल फिरणारे चक्र दिसले असते तर निदान त्या क्षणी तरी माणसाने मान वर केली असती.

---

शिरपूरचा दुकानदार

माझे शिरपूरला मोबाइल विक्री आणि दुरुस्तीचे दुकान आहे. माणूस अ‍ॅपमध्ये टिकतो कसा हे वरच्या उत्तरात आले. तो मुळात आत येतो कसा, हे मी दुकानात बसून पाहिले आहे, म्हणून थोडे लिहितो.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झाले तोवर आमच्याकडे लोक मेमरी कार्डमध्ये गाणी भरून घेण्यासाठी येत असत. इंटरनेट स्वस्त झाल्यावर ते काम पाहता पाहता बंद पडले. अँड्रॉइड मोबाइलमध्ये यूट्यूब आधीपासूनच असते आणि नाव, गाव, पासवर्ड काहीही न विचारता ते व्हिडिओ दाखवू लागते. जो माणूस बँकेचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतो, त्याच्यासाठी काहीही भरावे न लागणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे काउंटरच्या अलीकडून लक्षात येते.

मग टिकटॉक आले. ते माझ्या गिऱ्हाइकांपर्यंत जाहिरातीने कमी आणि व्हॉट्सअ‍ॅपने जास्त पोहोचले. उतरवून घेतलेल्या प्रत्येक व्हिडिओवर अ‍ॅपचे चिन्ह हलत असे. ज्याच्याकडे अ‍ॅप नव्हते तोही ते चिन्ह दाखवून मला म्हणे, हे टाकून द्या. 29 जून 2020 रोजी सरकारने 59 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. त्यानंतर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. जुलैच्या सुरुवातीलाच शेअरचॅटचे मोज आले, 8 जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले आणि यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी 14 सप्टेंबरला सर्वप्रथम भारतातच जाहीर केली. मोजसारखे अ‍ॅप गिऱ्हाइकाला सांगून, समजावून टाकून द्यावे लागे. रील्स आणि शॉर्ट्सना दुकानदाराची गरजच पडली नाही, कारण ती दोन्ही लोकांच्या मोबाइलमध्ये आधीपासून असलेल्या अ‍ॅपच्या आत उघडली. ठरवून न पाहणारा माणूस नव्या दारात जात नाही. रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर दार उघडे दिसले तर तो डोकावतो.

ताईंना एक सूचना करतो. वयस्कर माणसाला मोबाइल देताना मी त्यातील व्हिडिओ अ‍ॅपच्या सूचना, म्हणजे नोटिफिकेशन, सेटिंगमध्ये जाऊन बंद करून देतो. पडद्यावर लाल ठिपका आणि टिंग असा आवाज आला की अनेक जण कोणाचा तरी निरोप असेल असे समजून उघडतात. निरोप नसतो, पण तोवर ते आत आलेले असतात.

---

पांझराकाठ

मी साक्री तालुक्यातला असून आम्ही सहा मित्र 2017 पासून अहिराणी विनोदी व्हिडिओ करतो. ताईंच्या नानांनी आमचाही एखादा प्रसंग पाहिला असणे शक्य आहे आणि म्हणूनच हा प्रश्न वाचून मला उत्तर देण्याची जबाबदारी वाटली.

आमच्या भागात पूर्वी अहिराणी गाण्यांच्या आणि प्रहसनांच्या सीडी आठवडे बाजारात विकल्या जात. ते पाहून आम्ही शिकलो. आमचे सुरुवातीचे व्हिडिओ दहा-बारा मिनिटांचे असत: आधी गावदरवाजा, मग चॅनेलचे नाव, संबळाचा ताल, पारावर बसलेली दोन म्हातारी माणसे, त्यांचे इकडचे तिकडचे बोलणे, आणि मग कुठे मूळ भांडणाला तोंड फुटे. अहिराणीत गोष्ट सांगण्याची हीच रीत आहे. आमची आजी चुलीपुढे बसून सांगायची तेव्हा राजा गोष्टीत येईपर्यंत अर्धी भाकरी संपलेली असायची. पुढे आम्ही चॅनेलचा आलेख पाहायला शिकलो. कोणत्या सेकंदाला किती प्रेक्षक निघून गेले हे त्यात रेषेने दिसते. गावदरवाजावर रेष कड्यावरून कोसळावी तशी कोसळत होती.

त्या दिवसापासून आम्ही गावदरवाजा काढला, नंतर नाव काढले, नंतर पार काढला. आज आमचा छोटा व्हिडिओ भांडणाच्या मधोमध सुरू होतो, कारण पहिल्या दोन सेकंदांत अंगठा थांबला नाही तर पुढचे सगळे वाया जाते. शेवटचे वाक्य आम्ही असे तोडतो की ते पहिल्या वाक्याला जोडले जावे आणि व्हिडिओ पुन्हा सुरू झाल्याचे प्रेक्षकाच्या लगेच लक्षात येऊ नये. हे कसब आहे आणि ते आम्ही मेहनतीने मिळवले आहे, पण पारावरच्या त्या दोन म्हाताऱ्यांची मला अजून हळहळ वाटते.

नानांसारख्या प्रेक्षकाबद्दल सांगायचे तर आमचे बहुसंख्य प्रेक्षक तेच आहेत. ते आमचे सदस्य नसतात आणि चॅनेलचे नावही त्यांच्या लक्षात राहत नाही. ते आमच्याकडे येत नाहीत, आम्हाला त्यांच्यापुढे नेऊन ठेवले जाते. नवा व्हिडिओ टाकला की तो आधी मोजक्या लोकांना दाखवला जातो आणि ते थांबले तर आणखी लोकांना, असा त्याचा प्रवास होतो. म्हणूनच साक्रीतल्या सहा पोरांचा व्हिडिओ कोणत्याही ओळखीशिवाय सुरतच्या कापड बाजारापर्यंत पोहोचू शकतो. ही गोष्ट लहान नाही. खान्देशातली कितीतरी कुटुंबे पोटासाठी सुरतला, नाशिकला, पुण्याला गेली आहेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची कानबाई देवी बसते, तेव्हा रोटांच्या नैवेद्यासाठी सगळी भाऊबंदकी गावी जमते. ज्यांना सुट्टी मिळत नाही ते त्या दोन दिवसांत कानबाईचे व्हिडिओ अक्षरशः शोधून काढून पाहतात. हळदीच्या गाण्यांचेही तसेच आहे. एखाद्या लग्नात लोक अहिराणी गाण्यावर नाचतात, कोणीतरी त्याची रील टाकते, पाहणाऱ्याला त्याच रीलवर तो आवाज वापरण्याचे बटण दिसते आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावची हळद त्याच आवाजावर तयार होते. ज्याने कधी कॅमेरा धरला नव्हता तो असा प्रेक्षकाचा निर्माता होतो, कारण गाणे तयार आहे, ठेका ठरलेला आहे, त्याने फक्त नाचायचे आहे.

आता भीतीबद्दल. भुसावळच्या भाऊंनी लिहिले ते अगदी खरे आहे आणि मी ते स्वतः अनुभवले आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही विनोद सोडून एक आरोग्याचा व्हिडिओ केला होता. रात्री अमुक खाल्ले तर काय होईल, अशी त्याची सुरुवात होती. ती माहिती आम्ही दुसऱ्या व्हिडिओतून उचलली होती, कोणत्याही डॉक्टरला विचारले नव्हते. आलेखाची रेष शेवटपर्यंत खाली आली नाही, एवढी सपाट रेष आमच्या कोणत्याही विनोदाला मिळाली नव्हती. तिसऱ्या दिवशी माझ्या मावशीने ते पदार्थ सोडल्याचे फोनवर सांगितले, तेव्हा मी तो व्हिडिओ काढून टाकला. शॉर्ट्सवर फेब्रुवारी 2023 पासून जाहिरातींच्या उत्पन्नातील वाटा मिळतो. निर्मात्यांसाठी ठरणाऱ्या रकमेतील 45 टक्के आमच्या वाट्याला येतात आणि ती रक्कम पाहण्याच्या संख्येवर वाटली जाते. त्यामुळे सपाट रेषेचा मोह काय असतो हे मला माहीत आहे.

नानांना एक गोष्ट अवश्य सांगा. व्हिडिओखाली लाखो व्ह्यूज दिसले म्हणजे लाखो लोकांनी तो पटवून घेतला असे नाही. 31 मार्च 2025 पासून शॉर्ट सुरू झाला की लगेच एक व्ह्यू धरला जातो, किती वेळ पाहिला याची अट त्याला नाही. अर्ध्या सेकंदात पुढे सरकवणाराही त्या आकड्यात असतो.

---

बोरीकाठची शिक्षिका

मी अमळनेरची निवृत्त शिक्षिका आहे आणि या चर्चेत मी नानांच्या बाजूला बसणार आहे, कारण मीही दुपारी हेच पाहते.

वरची सर्व उत्तरे मला पटली, तरीही त्यांत एक गोष्ट सुटली असे वाटते. अंगठा, सेकंद, आलेख हे सारे असले तरी नानांची दुपार रिकामी कोणी केली, हा प्रश्न अ‍ॅपच्या आधीचा आहे. पूर्वी उन्हाळ्यात ओसरीवर चार माणसे टेकत, पानाचा डबा फिरे, कोणाच्या बागेला पाणी कमी पडले, कोणाचा घड वाऱ्याने मोडला, याची चौकशी होई. मुले शहरात गेली, शेजारच्या ओसरीला जाळी लागली, आणि मग मोबाइल आला. माझे यजमान गेल्यानंतर घरात माणसाचा आवाज हवा म्हणून मी व्हिडिओ सुरू केले, हे मी इथे मोकळेपणाने लिहिते. माझ्या एकटेपणावर त्या आवाजांनी खरोखरच फुंकर घातली आहे.

त्याचबरोबर मी एक प्रयोग केला तोही सांगते. सात दिवस रोज रात्री मी वहीत लिहिले की आज काय काय पाहिले ते आठवते. पाहण्याचा वेळ रोज सुमारे दीड तास होता. एकाही रात्री मला पाचांपेक्षा जास्त व्हिडिओ आठवले नाहीत, आणि जे आठवले त्यांतले बहुतेक नकोसे होते: अपघात, भांडण, आजार. पुरणाचे मांडे खापरावर टाकणारी एक बाई मी फार आवडीने पाहिली होती, ती मात्र मला तिसऱ्या दिवशी वही उलगडताना आठवली. मला जे आवडते आणि मला जे धरून ठेवते ते एकच नाही, हे मला त्या वहीने दाखवले.

यावलच्या लेकीला माझी विनंती आहे की तिने नानांना दूर बसून समजावू नये, त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याबरोबर एक दुपार पाहावे. भुसावळच्या दादांना माझा प्रश्न असा की, एकदा नोंदलेली ही आवड पुसता येते का?

---

भुसावळ जंक्शन

बाई, पुसता येते, आणि त्यासाठी फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. यूट्यूबमध्ये नकोशा व्हिडिओवरील तीन ठिपके दाबून ‘स्वारस्य नाही’ किंवा ‘हे चॅनेल सुचवू नका’ असे सांगता येते. पाहण्याचा इतिहास उघडून एकेक व्हिडिओ काढून टाकता येतो. संपूर्ण इतिहास पुसून त्याची नोंद बंद ठेवली, तर ऑगस्ट 2023 पासून मुख्य पानावरील शिफारशी जवळजवळ नाहीशा होतात आणि शोधण्याची चौकटच समोर राहते. एक लक्षात ठेवावे: पुसल्यावरही नाना पुन्हा तशाच व्हिडिओवर थांबले तर यंत्रणा पुन्हा तेच शिकेल. तुमच्या वहीतील निरीक्षण मी आमच्या कामात अनेकदा आकड्यांतून पाहिले आहे, पण ते इतक्या नेमक्या शब्दांत मला कधी मांडता आले नव्हते.

---

यावलची लेक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बाईंच्या सांगण्याप्रमाणे मी गेल्या रविवारी नानांच्या बाजेशेजारी खाली बसले आणि दुपारभर त्यांच्याबरोबर पाहिले. पडद्यापेक्षा मी त्यांच्या अंगठ्याकडेच अधिक पाहत होते.

बैल आले की अंगठा अलगद बाजूला होई. नाचगाणी आली की तो झटकन वर जाई. मग पांढरा डगला घातलेला एक माणूस आला आणि मधुमेहाने किडनी कशी जाते हे सांगू लागला, तेव्हा नानांचा अंगठा तसाच हवेत थांबला. मी विचारले, नाना, हा आवडतो का तुम्हाला? ते म्हणाले, आवडायचे काय त्यात, पण तुझ्या आत्याची किडनी गेली होती ना. आत्याला जाऊन सहा वर्षे झाली आहेत आणि नाना तिच्याविषयी कधी बोलत नाहीत. त्या दुपारी ते अर्धा तास बोलले, मोबाइल उताणा पडून होता आणि त्यातला तो माणूस पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होता. मी तो बंद केला नाही, कारण मला नानांचे बोलणे तोडायचे नव्हते. पण भुसावळच्या दादांचे उत्तर वाचलेले असल्यामुळे, आमचा तो सगळा वेळ त्या व्हिडिओच्या खात्यात जमा होत आहे, हे मला जाणवत राहिले.

संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून इतिहासातील तसले व्हिडिओ एकेक करून काढले. एकूण 41 निघाले. कोणता काढायचा हे नानांनी ठरवले आणि दाबण्याचे काम मी केले. सूचनाही बंद केल्या. संपूर्ण इतिहास मात्र त्यांनी पुसू दिला नाही; घोडे आणि कीर्तने राहू दे म्हणाले, आणि मला ते योग्य वाटले. तपासणीची पुढची तारीखही त्यांनी स्वतः विचारून घेतली.

शेवटी त्यांनीच विचारले की आपल्याला पाहिजे ते मागता येते का. मी त्यांना माइकचे चिन्ह दाखवले. नानांनी मोबाइल तोंडाजवळ धरून बऱ्हाणपूरच्या ‘केयी’चा भाव मागितला, कारण आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, आणि पडद्यावर ‘केली’ अशी अक्षरे उमटून कसलेतरी भलतेच व्हिडिओ आले. दुसऱ्यांदाही तेच झाले. तिसऱ्या वेळी नाना बाजेवर उठून बसले, घसा साफ केला आणि शाळेत कविता म्हणावी तसे एकेक अक्षर सुटे करून ‘केळी’ म्हणाले. भावाचा व्हिडिओ आला, तो त्यांनी पूर्ण पाहिला आणि मोबाइल उशाखाली ठेवून ते बागेकडे गेले.

भुसावळच्या दादांना आता एवढेच विचारायचे आहे, की त्या माइकला ‘केयी’ शिकवण्याची काही सोय आहे का?